सावलीचं भाडं कोण भरणार?

कॉम्प्युटर गेम आणि त्यातली सेटिंगं हा विषय बघून निम्मे लोक इथूनच परत फिरतील. पोराटोरांचं काम, आपल्याला काय करायचंय! पण जरा थांबा. विषय पोरांचा असला तरी पैसे बापाचे आहेत. या गोष्टीत ते माझ्या दाजींचे होते, आणि आकडा होता 28,000.

2024 च्या मे महिन्यात सांगलीला ताईकडे गेलो होतो. साताऱ्याहून निघताना नेहमीप्रमाणे कंदी पेढे घेतले. घरात शिरलो तर भाचा तोंड पाडून बसलेला. एरवी पेढ्याचा पुडा माझ्या हातातून काढून घेणारा हा मुलगा त्या दिवशी उठलासुद्धा नाही. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अठरा पूर्ण झालेला घोडा. म्हटलं, निकाल लागला की काय? ताई म्हणाली, "निकाल नाही, कॉम्प्युटर. स्लो झालाय म्हणे. दुकानदारानं अठ्ठावीस हजार सांगितलेत."

अठ्ठावीस हजाराचा हिशोब असा: ग्राफिक्स कार्ड टाका. कार्ड टाकायचं तर एसएमपीएसही बदला, जुना झेपणार नाही. आणि एवढं करताच आहात तर कॅबिनेटही नवीन घ्या, यात हवा खेळत नाही. "मशिन ग्राफिक्सला कमी पडतंय साहेब," या एका वाक्यावर हे सगळं उभं होतं.

दाजी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहेत. आयुष्यभर खतावणी लिहिलेला माणूस. ते मला म्हणाले, "तुम्ही सॉफ्टवेअरवाले. पैसे द्यायला ना नाही हो, पोराचा वाढदिवस आलाय. पण कशाचे अठ्ठावीस हजार, हे कोण सांगंना. पेढीवर मी पावती बघितल्याशिवाय पाच रुपये सोडत नाही."

कशाचे अठ्ठावीस हजार, हे कोण सांगंना. माझं सगळं भांडण या एका वाक्यात आहे.

मशिन चालू करून बघितलं. पाचेक वर्षांपूर्वीचं, वेगळं कार्ड नसलेलं, प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेलं साधं मशिन. गेम 2015 साली पीसीवर आलेला जीटीए फाइव्ह. सेटिंगच्या पानावर गेलो तर प्रत्येक ओळ शेवटच्या टोकाला ओढलेली. सावल्या, गवत, प्रतिबिंबं, कडा गुळगुळीत करणारं एमएसएए... जिथे जे सर्वात वरचं असेल ते. सेकंदाला जेमतेम तेरा-चौदा चित्रं येत होती. गाडी वळवली की ती कधी वळते याची वाट बघायची.

"एवढं सगळं वर का ठेवलंयस रे?"

"मामा, लो वर कोण खेळतं? पोरं हसतात."

मंडळी, दुकानदार म्हणतो मशिन कमी पडतंय आणि पोरगं म्हणतं लोक हसतात. सेटिंग कमी केल्यावर नेमकं काय कमी होतं, हे दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही. ते आधी सांगतो, मग भांडतो.

साध्या मॉनिटरवर चित्र सेकंदाला 60 वेळा बदलतं. म्हणजे एक चित्र काढायला मशिनला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. ही त्याची मजुरीची वेळ. तेवढ्यात रस्ता, गाड्या, माणसं, आकाश सगळं काढून झालं पाहिजे. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर सुमारे 20 लाख 73 हजार ठिपके असतात, आणि प्रत्येकाचा रंग त्या वेळात ठरवायचा असतो. सेटिंग म्हणजे या वेळेच्या खतावणीतल्या खर्चाच्या ओळी. बेरीज 16.7 च्या वर गेली की गेम अडखळतो. त्यातून व्ही-सिंक चालू असेल तर आणखी गंमत. एसटी पाच मिनिटांनी चुकली म्हणून पुढची पाच मिनिटांनी मिळत नाही, तशी इथे एक खेप चुकली की मशिन पुढच्या खेपेची वाट बघतं. त्यामुळे कामाला 18 मिलिसेकंद लागले तरी चित्र 33 व्या मिलिसेकंदाला दिसतं, आणि 60 चे एकदम 30 होतात. पोराला वाटतं मशिन निम्म्यानं मेलं. उशीर झालेला असतो सव्वा मिलिसेकंदाचा.

आता सावली घ्या. आपल्याला वाटतं, गाडी काढली की खाली जरा काळा रंग फासायचा, त्यात काय? तसं नसतं. सावली कुठे पडणार हे ठरवायला मशिनला आधी सूर्याच्या जागी जाऊन बसावं लागतं. तिथून सगळं दृश्य पुन्हा काढायचं, कोणती वस्तू सूर्याला किती अंतरावर दिसते ते टिपून ठेवायचं, आणि मग आपल्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला विचारायचं: बाबा रे, तू सूर्याला दिसतोस का? नाही म्हणाला तर तो सावलीत. जवळची, मधली आणि लांबची सावली सारखीच रेखीव हवी असेल तर हे टिपण तीन-चार वेगवेगळ्या नकाशांत करतात. नकाशा 1024 बाय 1024 चा असेल तर साडेदहा लाख घरं. 2048 चा केला तर जवळजवळ 42 लाख. 4096 चा केला तर 1 कोटी 68 लाख. सेटिंगमध्ये आपण फक्त ‘हाय’ चं ‘व्हेरी हाय’ करतो, एकच पायरी. पण तिथे बाजू दुप्पट झाली की काम चौपट होतं.

सांगलीच्या माणसाला हे नाटकावरून लगेच समजेल. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीतास्वयंवर’ केलं त्या गावाला रंगभूमी काय सांगायची? जुन्या संगीत नाटकातला राजवाड्याचा पडदा आठवा. त्यावर खांबांच्या सावल्या चिताऱ्यानं रंगवलेल्याच असायच्या. त्याला एकदा पैसे दिले की पुढचे शंभर प्रयोग त्या सावल्या फुकट. आता समजा एखादा हट्टी मालक म्हणाला, खरे खांब उभे करा, आणि दिवा हलेल तशी सावली हलली पाहिजे. मग दर प्रयोगाला माणूस हवा, दिवा हवा, खांब हवेत. गेममध्येही हे दोन्ही प्रकार असतात. आधीच रंगवून ठेवलेला उजेड आणि दर चित्रागणिक नव्यानं मोजलेला उजेड. पहिल्याला जागा लागते, दुसऱ्याला वेळ. ‘अल्ट्रा’ म्हणजे दर प्रयोगाला खरे खांब.

मी हे पहिल्यांदा शिकलो ते साताऱ्यात, 2006 च्या आसपास, एका सायबर कॅफेत. तिथे आम्ही नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड खेळायचो. कॅफेवाल्या दादानं सगळ्या मशिनवर गाडीचा मागचा आरसा बंद करून ठेवलेला. आम्ही कुरकुर केली तर म्हणाला, "आरशात मागचा रस्ता दिसायला तो रस्ता काढायला नको का? पुढचा एकदा आणि मागचा एकदा. तासाला पंधरा रुपयांत दोन गेम मागताय होय रे?" पुढे सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं काढली, पण याहून सोपं कुणी सांगितलं नाही.

गवताचंही तसंच. उसाच्या फडातून बघितलंय का पलीकडे? एका पानामागे दुसरं, त्यामागे तिसरं. मशिनलाही तेच त्रास देतं. पडद्यावरचा तोच ठिपका पाच-सहा पानांसाठी पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. धूर, धुकं, धूळ यांचंही तेच, कारण त्यांच्या आरपार दिसतं, म्हणजे मागचंही काढायचं आणि पुढचंही. म्हणून मोकळ्या रस्त्यावर झकास पळणारा गेम माळरानात शिरला की रांगायला लागतो.

एमएसएए 4 एक्स म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या चार नोंदी ठेवायच्या, कडा दातेरी दिसू नये म्हणून. नोंदींना चौपट जागा लागते आणि त्यांची ने-आण वाढते. इथे भाच्याच्या मशिनचं खरं दुखणं सापडलं. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती साध्या रॅमवर जगते. दुकानदारानं मशिन जोडताना 8 जीबीची एकच पट्टी टाकलेली. 2666 च्या एका पट्टीतून सेकंदाला सुमारे 21 जीबी माल जाऊ शकतो. दोन पट्ट्या दोन खाचांत नीट बसवल्या तर 42. जीटीएक्स 1650 सारख्या साध्यातल्या साध्या कार्डालाही स्वतःचा 128 चा रस्ता असतो. म्हणजे या मशिनला आधीच एकपदरी रस्ता दिलेला, आणि त्यावरून अल्ट्राच्या मालाचे ट्रक सोडलेले. मशिन कसलं कमी पडतंय! रस्ता कमी पडतोय, आणि तो ज्यानं कमी दिला तोच आता नवीन हायवेचं बिल घेऊन उभा आहे.

टेक्श्चरची गोष्ट मात्र उलटी. ती मी दाजींना हळदीच्या पेवावरून सांगितली. हरिपूरला जमिनीतल्या पेवांत हळद साठवायचे. पेवात माल मावतोय तोवर अर्धं भरलं काय आणि काठोकाठ भरलं काय, रोजच्या कामाला फरक पडत नाही. पण दोन पोती जास्त झाली की दुसरीकडे गोदाम बघा, टेम्पो लावा, हमाल लावा. टेक्श्चरचं तसंच. ग्राफिक्सच्या मेमरीत मावतात तोवर ‘हाय’ ठेवा, वेग फारसा कमी होत नाही. मावेनाशी झाली की मध्येच गचके बसतात. म्हणून ‘सगळं लो करा’ हा सल्लासुद्धा आंधळाच. काही गोष्टी वर ठेवून परवडतात.

आणि गर्दी? रस्त्यावरची माणसं, गाड्या, त्यांची हालचाल यांचा बराचसा बोजा प्रोसेसरवर असतो, कार्डावर नाही. गर्दीमुळे गेम अडत असेल तर 28,000 चं कार्ड लावून काय होणार? पूर्वी जिथे अडत होता तिथेच, फक्त जास्त महाग अडेल. हे तपासणं अगदी सोपं आहे. रिझोल्युशन खाली आणा. वेग वाढला तर अडचण ग्राफिक्सची. जिथल्या तिथे राहिला तर बहुतेक प्रोसेसरची. एक मिनिटाचं काम. अठ्ठावीस हजार सांगण्याआधी हे एक मिनिट कुणी दिलं नव्हतं.

तर आम्ही काय केलं? एमएसएए बंद. गवत सर्वात खाली. सावल्या दोन पायऱ्या खाली. प्रतिबिंबं मध्यम. टेक्श्चर बसतील तेवढी. कॉम्प्युटर टेबलाच्या लाकडी कप्प्यात, मागे भिंत असा कोंडलेला होता, तो बाहेर काढून ब्रशनं धूळ झाडली. सांगलीच्या मे महिन्यात माणूस कोंडला तर काम टाकतो, चिपसुद्धा तापली की स्वतःहून वेग कमी करते. तेरा-चौदाचे पस्तीसच्या वर गेले, एक रुपया न घालता. दुसऱ्या दिवशी पहिलीच्या जोडीची रॅमची पट्टी आणली, तेव्हाच्या भावानं सोळाशे रुपयांची. पन्नाशीच्या आसपास आलो. भाचा अर्धा तास खेळला आणि मग म्हणाला, "मामा, गवत कमी झालेलं मला दिसलंच नाही."

दिसणार कसं? ताशी दीडशेनं गाडी हाकताना गवताची पाती कोण मोजतं?

हे झालं घरातलं. आता थोडं स्पष्टच बोलतो.

पहिलं भांडण दुकानदारांशी. सगळेच लुबाडणारे असतात असं माझं म्हणणं नाही. यालाही कुणीतरी हेच शिकवलं असणार. पण डॉक्टरनं न तपासता ऑपरेशन सांगितलं तर आपण त्याला चांगला डॉक्टर म्हणतो का? दुकानात जा आणि विचारा, "कोणतं सेटिंग किती खातंय?" उत्तर नसेल तर वस्तू घेऊ नका.

दुसरं भांडण आपल्याशी, म्हणजे आईबाप, मामा-काका लोकांशी. आपलं ठरलेलं वाक्य: गेममुळे कॉम्प्युटर खराब होतो. अहो, आपली पिढी कॉम्प्युटर शिकली म्हणजे कुठे क्लिक करायचं ते शिकली. आत काय चालतं हे विचारायची सवय कुणी लावली नाही आणि आपणही लावून घेतली नाही. मुलगा सेटिंगच्या पानाशी झटतो तेव्हा तो कॉम्प्युटर कसा चालतो या प्रश्नाच्या दारात उभा असतो. आपण एक तर त्याला हाकलतो, नाही तर पाकीट काढून देतो. दोन्हीत प्रश्न मरतो.

तिसरं भांडण कंपन्यांशी. गेमच्या त्या पानावर ‘लो, मीडियम, हाय, अल्ट्रा’ असे शब्द असतात. हे काय माप झालं? किराणा दुकानात साखरेवर ‘थोडी, बरी, खूप, अफाट’ असं लिहिलं तर चालेल का? जीटीए फाइव्हनं निदान मेमरी किती लागेल याची पट्टी दाखवली, पण वेळ किती लागेल ते तिथेही नाही. बऱ्याच गेममध्ये तेवढंही नसतं. ‘अल्ट्रा’ बऱ्याचदा उद्याच्या मशिनसाठी आणि जाहिरातीतल्या चित्रासाठी ठेवलेलं असतं. 2007 साली क्रायसिस आला तेव्हा सगळं वर ठेवून तो सुरळीत चालवणं भल्याभल्या मशिनला जमत नव्हतं, आणि त्याचाच गवगवा होऊन गेम गाजला. शब्द मात्र असा निवडलाय की खालचं घेतलं तर आपली पत कमी झाली असं वाटावं. ‘लो’ ऐवजी ‘किफायतशीर’ लिहिलं असतं तर भाच्याला कोण हसलं असतं?

तुम्ही म्हणाल, पण चांगलं चित्र बघावंसं वाटणं चूक आहे का? मुळीच नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यानं खुशाल कार्ड घ्यावं. अलीकडचे काही गेम साध्या मशिनवर चालतच नाहीत, तिथे कार्ड लागणारच. आणि पाण्यात हलणारं आभाळाचं प्रतिबिंब बघून मीही थांबतो. माझं म्हणणं इतकंच की, काय विकत घेतोय ते माहीत असावं. सावलीचं भाडं भरायचंय तर भरा, पण ते मशिनच्या दुरुस्तीच्या नावाखाली कुणी वसूल करू नये.

आणि लो म्हणजे कमीपणा हे तर साफ खोटं. मोबाईलवर बीजीएमआय स्पर्धेसाठी खेळणाऱ्या पोरांना विचारा. ग्राफिक्स ‘स्मूथ’ वर, म्हणजे खालच्या पायरीवर, आणि फ्रेम रेट सर्वात वर. त्यांना जिंकायचं असतं, गवत बघायचं नसतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला ‘राजी’ ऑगस्ट 2020 मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला. स्विच म्हणजे हातात धरायचं छोटं यंत्र, मोठ्या कार्डांपुढे त्याची ताकद चिमूटभर. पण राजीत कॅमेरा बहुतेक ठिकाणी ठरलेल्या जागेवरून बघतो, मागची गोष्ट छायाबाहुल्यांतून सांगितलीय, आणि मंदिरं, किल्ले नजरेत भरतात. काय काढायचं आणि काय सोडायचं हे ज्याला समजतं त्याला अल्ट्राची गरज भासत नाही. बड्या कंपन्याही आता हेच करतात. 2021 पासून एफएसआर आहे: चित्र लहान काढायचं आणि हुशारीनं मोठं करून दाखवायचं. म्हणजे प्रत्येक ठिपका राबून काढायची गरज नव्हती, हे त्यांनाही मान्य. फक्त आपल्या दुकानापर्यंत ही बातमी पोचायची आहे.

निघायच्या दिवशी सकाळी दाजींच्या टेबलावर भाच्याची वही दिसली. उघडून बघितली तर दाजींनी त्याच्याकडून तक्ता करून घेतलेला. डावीकडे सेटिंगची नावं, मग बंद असताना किती, चालू असताना किती, आणि शेवटी फरक. प्रत्येक सेटिंग एकेकटं बदलून मोजलेलं. खाली दाजींच्या वळणदार अक्षरात एक ओळ: ‘गवत आणि एमएसएए सोडून बाकी खर्च मान्य.’

तो तक्ता घेऊन भाचा त्या दुकानात गेला. कार्ड घ्यायला नाही, दाखवायला. दुकानदारानं मोबाईलवर फोटो काढून घेतला म्हणे. आता पुढच्या गिऱ्हाईकाला तो तो फोटो दाखवतो की अठ्ठावीस हजार सांगतो, ते मला माहीत नाही. तुमच्या गावात कुणी विचारलं तर तुम्ही तरी आधी वही काढा.